लाओसमध्ये नदीकाठच्या घरी मुक्काम: कोंग लोरसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोंग लोरला येणारा प्रवासी बहुधा गुहेसाठी येतो. मध्य लाओसच्या खाम्मुआन प्रांतात नाम हिनबुन नदी चुनखडीच्या अख्ख्या डोंगराखालून सुमारे साडेसात किलोमीटर वाहत जाते. होडीत बसून एका तोंडाने आत शिरायचं आणि डोंगराच्या पलीकडे बाहेर पडायचं. लोक सकाळी येतात, होडीची फेरी करतात, नूडल्सचा वाडगा संपवतात आणि दुपारी पुढच्या मुक्कामाला लागतात. गुहा पाहण्यासारखी आहे यात वादच नाही. पण तिच्या तोंडाशी जे गाव आहे, तिथल्या एखाद्या घरी दोन रात्री राहिलात तर लाओस जितका उमगेल, तितका राजधानी व्हिएन्टिआनच्या हॉटेलात आठवडाभर राहूनही उमगणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

दोन रात्री हे मुद्दाम सांगतोय. पहिल्या संध्याकाळी तुम्ही पाहुणे असता. काय वाढावं, तिखट चालेल का, या विवंचनेत घरातली बाई असते आणि कुठे बसावं, काय बोलावं या विवंचनेत तुम्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्याकडे फारसं लक्ष न देता भात वाफवायला घेते, पोरं तुमच्या अंगावरून उड्या मारत शाळेत पळतात, आजोबा जाळं विणायला बसतात. तिथून खरा मुक्काम सुरू होतो. एका रात्रीत हे होत नाही.

गाव कोणतं निवडायचं

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कोंग लोरच सुचवेन. गावाला परक्या माणसांची सवय आहे, पाहुण्यांना घरं वाटून देण्याची पद्धत बसलेली आहे, आणि तरीही गाव शेतीवरच चालतं. पावसाळ्यात भात, पाणी ओसरलं की त्याच खाचरांत तंबाखू. हिवाळ्यात गेलात तर डोंगराच्या कड्यापर्यंत तंबाखूची हिरवी पानं पसरलेली दिसतात. गुहेच्या पलीकडच्या अंगाला नातान हे गाव आहे. तिथेही घरगुती मुक्काम होतो, आणि तिथली शांतता आणखी दाट.

उत्तरेकडे जायचं असेल तर नाम ऊ नदीचं खोरं बघा. व्हिएन्टिआनहून लुआंग प्राबांगपर्यंत चीनला जोडणारी रेल्वे डिसेंबर २०२१ पासून धावते आणि जेमतेम दोन तासांत पोचवते. तिथून नोंग खियावला गाडीने तीन-चार तास आणि पुढे होडीने तासाभरात मुआंग न्गोय. मुआंग न्गोय आता बऱ्यापैकी पर्यटकांचं झालंय, पण तिथून पायवाटेने आत गेलं की भातशेतांमधली छोटी गावं लागतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नाम ऊवर सात धरणांची साखळी झाली आहे. जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेला लुआंग प्राबांगहून थेट होडीने वर जाण्याचा प्रवास आता होत नाही.

दक्षिणेत मेकाँगमधली बेटं आहेत. लाओ भाषेत ‘दोन’ म्हणजे बेट. पाक्सेजवळचं ‘दोन खो’ हे विणकरांचं बेट. चंपासाकसमोरचं दोन देंग हे लांबलचक वाळूचं बेट, आणि नदीपलीकडे वाट फू हे २००१ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं प्राचीन शिवमंदिर. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दोन देंग बरं पडतं. सपाट आहे आणि सायकलने फिरता येतं.

पुढचं सगळं मी कोंग लोर समोर ठेवून लिहितोय, पण रीतभात बाकीच्या ठिकाणीही जवळपास हीच.

परवानगीचा मुद्दा

वाटेत एखादं छान घर दिसलं, माणसं हसून बोलली, म्हणून तिथेच पथारी टाकायची असं लाओसमध्ये करू नका. परदेशी माणूस गावात रात्री राहतोय याची नोंद गावच्या प्रमुखाकडे व्हावी लागते. त्याला ‘नाय बान’ म्हणतात. नोंद न करता ठेवून घेतलं तर त्रास तुम्हाला कमी, घरमालकाला जास्त होतो. म्हणून गावात उतरलात की ‘होमस्टे’ एवढाच शब्द उच्चारा. तो सगळ्यांना कळतो. कोणीतरी तुम्हाला नाय बानकडे किंवा पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या माणसाकडे नेईल. पासपोर्ट दाखवावा लागतो, वहीत नाव लिहिलं जातं.

अशा गावांत पाहुणे बहुधा पाळीने घरोघरी वाटले जातात, म्हणजे सगळ्यांना थोडंथोडं उत्पन्न मिळतं. त्यामुळे ‘मला ते नदीकाठचं निळ्या खिडक्यांचं घर हवं’ असा हट्ट धरू नये. मिळेल ते घर घ्या. दर माणशी असतो की खोलीचा, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी त्यात धरली आहे का, एवढं तेव्हाच विचारून घ्या. घासाघीस नको. जी रक्कम असते ती आपल्याकडच्या कुठल्याही लॉजपेक्षा जास्त नसते, आणि तिचा काही भाग अनेक गावांत गावनिधीत जातो.

आणखी एक कायदा माहीत हवा. लग्नाविना परदेशी व्यक्ती आणि लाओ नागरिक यांच्यातले शरीरसंबंध लाओसमध्ये बेकायदा आहेत. पती-पत्नी असलेल्या पाहुण्यांनाही काही घरांत वेगवेगळं झोपायला सांगतात, कारण पाहुण्या जोडप्याने एकत्र झोपणं घराच्या देवतांना रुचत नाही अशी समजूत काही समाजांत आहे. सांगितलं तर निमूट ऐका.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस संपलेला, नदी निवळलेली, रस्ते कोरडे. उत्तरेच्या डोंगरात डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात, पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खालीही जातो. घराच्या भिंती फळ्यांच्या किंवा विणलेल्या बांबूच्या असतात, वारा आत येतो, तेव्हा स्वेटर हवाच. मार्च-एप्रिलमध्ये शेतं जाळतात आणि उत्तरेत हवा धुराने भरून जाते. दमा असेल तर तो काळ टाळा. १४ ते १६ एप्रिलला लाओ नववर्ष, म्हणजे पाण्याचा सण. तेव्हा गावात आनंद असतो पण बसगाड्या तुडुंब. मे ते ऑक्टोबर पावसाळा. नाम हिनबुनला पूर आला की गुहेतली होडी बंद होते.

पोचायचं कसं

भारतातून बहुतेकजण बँकॉक किंवा हनोईमार्गे व्हिएन्टिआनला येतात. दुसरा सोयीचा मार्ग म्हणजे बँकॉकहून विमानाने थायलंडमधल्या नाखोन फनोमला उतरून मेकाँगवरचा तिसरा मैत्री पूल ओलांडायचा. हा पूल नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू झाला. पलीकडे थाखेक लागतं, आणि तिथून कोंग लोर त्याच प्रांतात आहे.

भारतीय पासपोर्टवर लाओससाठी व्हिसा लागतो. ई-व्हिसा काढता येतो, शिवाय मोठ्या विमानतळांवर आणि मैत्री पुलांवर पोचल्यावरही मिळतो. ई-व्हिसा सगळ्या नाक्यांवर चालत नाही, तेव्हा तुमचा नाका यादीत आहे का ते अर्ज करतानाच बघा. आगमनानंतरच्या व्हिसासाठी डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा आणि पासपोर्ट आकाराचे फोटो जवळ ठेवा.

व्हिएन्टिआनच्या दक्षिण बसस्थानकावरून सकाळी कोंग लोरला थेट बस असते. सात-आठ तास लागतात. थेट बस चुकली तर दक्षिणेकडे जाणारी कुठलीही बस पकडा, महामार्ग १३ वरच्या विआंग खाम फाट्यावर उतरा, तिथून सोंगथेवने महामार्ग ८ ने बान नाहिन गाठा, आणि पुढचे सुमारे चाळीस किलोमीटर पुन्हा सोंगथेवने. सोंगथेव म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकं बसवलेला छोटा टेम्पो. पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही. महामार्ग ८ वर घाट चढताना उजवीकडे-डावीकडे चुनखडीच्या सुळक्यांचं जंगल दिसतं, तिथे झोपू नका.

मोटारसायकल भाड्याने घेऊन थाखेकपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरचा फेरा मारणारे तरुण पुष्कळ असतात. घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर असू द्या, आणि विम्यात दुचाकी धरली आहे का ते नीट वाचा.

पैसे व्हिएन्टिआन किंवा थाखेकमध्येच काढून ठेवा. गावात रोख किपच, म्हणजे लाओसचं चलन, चालतात. २०२२ पासून किपची किंमत फार घसरली आहे, त्यामुळे नोटांचं पुडकं होतं. पाच, दहा, वीस हजारांच्या नोटा भरपूर ठेवा. गावातल्या दुकानात लाखाची नोट दिली की बिचारी दुकानदारीण सुट्ट्यांसाठी चार घरं फिरून येते.

पिशवीत काय टाकायचं

जितकं कमी तितकं बरं, कारण घराचा जिना अरुंद असतो आणि तुमची जागा म्हणजे एक गादी आणि तिच्या उशाची हातभर फळी. पंचा किंवा लुंगी, बायकांसाठी अंगभर गुंडाळता येईल असं सुती वस्त्र, पटकन काढता-घालता येणाऱ्या चपला, डोक्याला बांधायची बॅटरी, पॉवर बँक, कानात घालायचे बोळे, डास पळवणारं मलम, पातळ चादर, नेहमीची औषधं आणि जलसंजीवनीची पाकिटं. नदीवर जाणार म्हणून पाणी न शिरणारी एक पिशवी. सिमकार्ड युनिटेलचं घ्या, गावाकडे रेंज चांगली मिळते.

कोंबडे पहाटे चारला सुरू होतात आणि अनेक गावांत सकाळी कर्ण्यावरून बातम्या आणि सूचना वाजतात. बोळे त्यासाठी.

घरात शिरताना

घर खांबांवर उभं असतं. खाली मोकळी जागा, तिथे माग, लाकूडफाटा, दुचाकी, कोंबड्या, आणि दुपारी सावलीला सगळं घर. चपला जिन्याच्या खालीच काढायच्या. दोन्ही हात जोडून, मान किंचित लववून ‘सबायदी’ म्हणायचं. आपल्या नमस्काराच्या जवळचीच ही पद्धत आहे, तेव्हा तिथे आपल्याला वेगळं काही शिकावं लागत नाही.

डोकं पवित्र आणि पाय खालचे. लहान पोराच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवायची आपली सवय तिथे आवरायला हवी. कोणाकडे तळवे करून बसू नका, बसलेल्या माणसांच्या मधून जायचंच झालं तर कमरेत वाकून, हात खाली धरून जा, झोपलेल्या माणसाला किंवा जेवणाच्या तबकाला ओलांडू नका. पुरुष मांडी घालून बसतात, बायका दोन्ही पाय एका बाजूला दुमडून. भिंतीवर उंच बुद्धाची फळी असते. तिच्याकडे पाय करून झोपायचं नाही. कुठल्या दिशेला डोकं ठेवायचं ते घरचेच दाखवतात, गादी फिरवू नका. घराचा एखादा कोपरा किंवा खांब पूर्वजांचा असतो, त्याला टेकून बसण्याआधी विचारा.

माणसांना नावाने हाक मारण्यापेक्षा नात्याने मारा. घरातल्या कर्त्या पुरुषाला ‘फो’ म्हणजे बाबा, बाईला ‘मे’ म्हणजे आई, तुमच्यापेक्षा थोडी मोठी असेल तर ‘एउआय’ म्हणजे ताई, पुरुष असेल तर ‘आय’ म्हणजे दादा, धाकट्यांना ‘नोंग’. ‘मे’ म्हणून हाक मारलीत की चुलीजवळ जागा मिळते, हा अनुभव आहे.

मोठ्या आवाजात बोलणं, वाद घालणं, गाडी उशिरा आली म्हणून चिडणं, याने तुमची किंमत झटकन उतरते. काही बिनसलं की तिथे ‘बो पेन न्यांग’ म्हणतात, काही हरकत नाही. आणखी दोन शब्द पाठ करून जा. ‘खोप चाय लाय लाय’, खूप आभार. ‘होंग नाम यु साय’, संडास-न्हाणीघर कुठे आहे.

भात, आणि त्याबरोबरचं सगळं

लाओसचा भात म्हणजे ‘खाव निआव’, चिकट भात. या तांदळात अमायलोज हा पिष्टाचा प्रकार जवळजवळ नसतोच, म्हणून तो पाण्यात शिजवत नाहीत, वाफवतात. आदल्या रात्री तांदूळ भिजत घालतात. पहाटे पाचच्या सुमाराला घरातली बाई चूल पेटवते, गळ्याशी निमुळत्या झालेल्या हंडीत पाणी ठेवते आणि तिच्यावर बांबूची शंकूसारखी टोपली बसवते. वीस-पंचवीस मिनिटांनी ती टोपलीला एक असा झटका देते की आतला अख्खा गोळा हवेत उलटून वरची बाजू खाली येते. मग पुन्हा थोडी वाफ. तयार भात लाकडी पाटावर उपसून, चपट्या कालथ्याने पसरून, वाफ निघून गेली की गोळा करून झाकणाच्या बांबूच्या टोपलीत भरते. या टोपलीला ‘तिप खाव’ म्हणतात. वाफ जाऊ दिली नाही तर भात टोपलीत घामेजून चिकचिकीत होतो. आंबेमोहोर कितीही आसट केला तरी हा लवचिक, चावावा लागणारा पोत येत नाही. टोपलीत तो दुपारपर्यंत मऊ राहतो, म्हणून शेतावर जाताना तीच टोपली खांद्याला अडकवतात.

जेवण वेताच्या बुटक्या गोल तबकाभोवती, जमिनीवर. मोठी माणसं आधी हात घालतात. टोपलीतून लिंबाएवढा भात घ्यायचा, उजव्या हाताच्या बोटांनी दाबून गोळा करायचा, चटणीत टेकवायचा किंवा त्यानेच भाजी चिमटीत धरायची. हाताने जेवणाऱ्या आपल्या माणसांना हे पहिल्याच घासाला जमतं आणि घरच्यांना त्याचं फार कौतुक वाटतं. रश्शाचा वाडगा सामायिक असतो, चमचाही अनेकदा सामायिक. जेवण झालं की टोपलीचं झाकण लावायचं. उघडी ठेवणं अपशकुनाचं मानतात.

तबकात काय असतं? ‘जेओ’ म्हणजे चटणी, ही रोजची. नदीतला मासा केळीच्या पानात मसाला घालून वाफवलेला, त्याला ‘मोक पा’ म्हणतात. बांबूच्या कोंबांचा रस्सा. कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर. पाहुणे आले म्हणून कोंबडी. रानातला पाला, आणि तो खरोखर चविष्ट असतो.

शाकाहारी माणसांनी हा परिच्छेद नीट वाचावा. ‘पादेक’ नावाचं आंबवलेल्या माशांचं दाट कालवण लाओ स्वयंपाकात मिठासारखं पडतं. चटणीत, पपईत, पालेभाजीच्या रश्शात, सगळीकडे. ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही, कारण पादेक आणि माशाचं पाणी (फिश सॉस) यांना तिथे कोणी मांस धरत नाही. म्हणून पूर्ण यादी सांगा: ‘खोय किन चे’, मी शाकाहारी जेवतो. ‘बो साय सिन, बो साय पा, बो साय पादेक, बो साय नाम पा’, म्हणजे मांस, मासा, पादेक, माशाचं पाणी यांतलं काही घालू नका. हे लाओ लिपीत कागदावर लिहून घेतलंत तर उत्तम. व्हिएन्टिआनच्या हॉटेलातला कोणीही दोन मिनिटांत लिहून देईल. आणि हे नाय बानकडे घर ठरतानाच सांगा. तबक समोर आल्यावर सांगितलं तर घरची बाई ओशाळते आणि तुम्ही उपाशी राहता.

असं सांगितलंत की बहुधा परतलेली भाजी येते, अंडं चालत असेल तर आम्लेट येतं, आणि येतो ‘जेओ माक लेन’. हा मला लाओसमधला सगळ्यात आपलासा पदार्थ वाटतो. छोटे टोमॅटो, मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर साल काळी होईपर्यंत भाजतात, साल सोलतात, उंच मातीच्या किंवा लाकडी उखळात आधी मीठ-मिरची-लसूण, मग टोमॅटो असं कुटतात आणि वरून कोथिंबीर. भाजताना तुम्ही शेजारी बसून लसूण सोला, कुटायला मागा. भाषा येत नसली तरी तासभर मजेत जातो. शिवाय पादेकचा चमचा कधी पडणार हे डोळ्यांसमोर दिसतं.

घरून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या. गरम चिकट भाताबरोबर दोन्ही झकास लागतात आणि तबकात ठेवली तर घरचेही चाखून बघतात. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र हा भात मोजूनच खावा, रक्तातली साखर तो झपाट्याने चढवतो.

पोट भरलं की ‘इम लेओ’ म्हणा. नुसतं हाताने नको-नको केलंत तर वाढणं थांबत नाही. ‘सेप लाय’, म्हणजे फार चविष्ट, हे जेवताना एकदा तरी मनापासून म्हणा.

दोन गोष्टी नाकारायच्याच

पहिली, नदीतला कच्चा मासा. कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृतात जाणारा एक चपटा कृमी त्या भागात सर्रास आढळतो आणि वर्षानुवर्षं राहिला तर पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. शिजवलेला मासा खुशाल खा.

दुसरी, घरची दारू, म्हणजे ‘लाव लाव’. इथे नाकारणं अवघड असतं, कारण एकच पेला सगळ्यांत फिरतो आणि पाहुण्याला आधी देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हांग व्हियेंग या पर्यटनगावात मिथेनॉलमिश्रित दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला. ती घटना खेड्यातल्या घरची नव्हती, पण बाटलीत काय आहे हे चवीवरून कळत नाही. म्हणून मी सांगेन, छातीवर हात ठेवून, हसून ‘बो किन लाव’ म्हणा आणि पेला दोन्ही हातांनी शेजारच्याकडे पुढे करा. त्यात अपमान मानत नाहीत. सीलबंद बिअर घेऊन बैठकीत सामील होता येतं.

अंघोळ, पाणी, नदी

संडास भारतीय पद्धतीचा, शेजारी पाण्याचं टाकं आणि टमरेल. युरोपातल्या माणसाला जे अवघड जातं ते आपल्याला घरचंच आहे. न्हाणीघर तिथेच, थंड पाणी. दुपारी चारच्या सुमाराला, ऊन असताना अंघोळ उरका.

संध्याकाळी नदीवरही जातात. बायका छातीवर गाठ मारलेल्या ‘सिन’मध्ये, म्हणजे त्यांच्या विणलेल्या लुंगीवजा वस्त्रात, न्हातात. पोहण्याचा तोकडा पोशाख तिथे विचित्र दिसतो. साबण लावायचा तर गाव जिथे पिण्याचं पाणी भरतं त्याच्या खालच्या अंगाला. पाण्यात उतरण्याआधी पोरं कुठे खेळतायत ते बघा, तिथेच उतरा. दक्षिणेत खोंग जिल्ह्यातल्या मेकाँगच्या पाण्यात त्वचेतून शिरणाऱ्या कृमीचा धोका आहे, तिथे नदीत न्हाणं टाळलेलं बरं. पिण्यासाठी वीस लिटरचे जार बहुतेक घरांत असतात. त्यातून बाटली भरून घ्या, म्हणजे प्लास्टिक वाढत नाही. बॅटरी सेल, रिकामी पाकिटं परत शहरात न्या, गावात कचरा जाळतात.

दिवसभर करायचं काय

काही न करण्याची तयारी ठेवा, बाकी आपोआप होतं. सकाळी गावात भिक्खू भिक्षेला निघत असतील तर घरच्या बाईबरोबर चपला काढून, गुडघ्यांवर बसून भाताचा छोटा गोळा पात्रात घालता येतो. खांदे झाकलेले हवेत आणि स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही. मग घर कामाला लागतं. नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी, पुढे तंबाखू, नदीकाठच्या गाळात भाजीचे वाफे, घराखाली माग. मदतीला हात पुढे करा. पहिल्यांदा नको म्हणतील, तुम्ही वाफ्याला पाणी घालायला लागलात की हसतील. विणकामाकडे नीट बघा. नागाच्या आकृत्यांचं लाओ विणकाम २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. घराखालच्या मागावरचा ‘सिन’ थेट त्या बाईकडून घेतलात तर तुमच्या पैशाचा तो सगळ्यात चांगला उपयोग.

गुहेची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी करा. एका होडीत तीन प्रवासी, दोन नावाडी, एकदिशी तासभर. चपला पाण्यात चालतील अशा, कारण उथळ जागी उतरून होडी ढकलावी लागते. काही भागांत छत शंभर मीटरपर्यंत उंच जातं, तेव्हा बॅटरी वर धरा. सुरक्षा जाकीट काढू नका.

पायवाट सोडू नका. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतल्या गुच्छबॉम्बच्या गोळ्यांपैकी सुमारे तीस टक्के फुटल्याच नाहीत आणि आजही जमिनीत आहेत. जिथे गावकरी चालतात तिथेच चाला, मातीत दिसलेली धातूची गोल वस्तू कुतूहलानेही हलवू नका.

कुत्री मोकळी असतात. चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि वेळ न घालवता मोठं रुग्णालय गाठा. गंभीर दुखण्याला अखेर मेकाँग ओलांडून थायलंडलाच जावं लागतं, म्हणून तिथवर हलवण्याचा खर्च विम्यात धरलेला असावा.

भेटवस्तू, फोटो, मनगटाचा दोरा

रस्त्यावरच्या पोरांना चॉकलेटं, पेनं वाटू नका. गावच्या पोरांना हात पसरायची सवय आपणच लावतो, आणि याचा मला खरोखर राग येतो. घरासाठी बान नाहिनच्या बाजारातून फळं, तेल, साबण असं रोजच्या उपयोगाचं न्या. पोरांसाठी काही द्यायचंच तर लाओ भाषेतली गोष्टींची पुस्तकं. लुआंग प्राबांगला ‘बिग ब्रदर माउस’ ही संस्था २००६ पासून ती छापते. एक पुस्तक पोरासमोर उघडून ठेवा, ते तुम्हाला वाचून दाखवेल.

फोटो विचारूनच. काढलेले फोटो शहरात छापून पुढच्या प्रवाशाबरोबर किंवा बसचालकाबरोबर पाठवले तर त्या घराच्या भिंतीवर लागतात.

तुमच्या मुक्कामात घरी ‘बासी’ असेल, तर नशीब समजा. माणसाच्या अंगात बत्तीस ‘ख्वान’, म्हणजे प्राणशक्ती, असतात, ते भटकतात, त्यांना बोलावून अंगात बांधून ठेवायचं, असा हा विधी आहे. लग्न, बाळंतपण, आजारपण, प्रवास, कशालाही करतात. केळीच्या पानांचा आणि झेंडूचा मनोरा मधोमध, म्हातारा जाणकार मंत्र म्हणतो, मग एकेकजण तुमच्या मनगटाला पांढरा सुती दोरा बांधत आशीर्वाद देतो. एक हात पुढे करा, दुसरा छातीशी नमस्कारात उभा धरा. दोरा निदान तीन दिवस ठेवायचा आणि काढताना कापायचा नाही, गाठ सोडायची. पाहुण्यासाठी मुद्दाम करा अशी मागणी मात्र करू नका, त्याला घराला खर्च आणि शेजाऱ्यांना वेळ लागतो.

निघताना

व्हिएन्टिआनची बस आणि बान नाहिनकडची सोंगथेव सकाळी लवकर सुटतात. वेळ आदल्या रात्री घरच्यांनाच विचारा आणि सकाळी निघतोय हे सांगून ठेवा, नाहीतर बाई भात तयार करून तुमची वाट बघत बसते. पैसे जेवणाच्या तबकाशेजारी टाकून जाऊ नका. ‘मे’च्या हातात, आपले दोन्ही हात लावून द्या, आणि जर व्यवस्था बघणाऱ्या माणसाने आधी घेतले असतील तर घरी पुन्हा देऊ नका, पाळीचा हिशेब बिघडतो. वेगळं काही द्यायचं असेल तर आदल्या दिवशी भाजी-फळं आणून द्या. गादी घडी करा, मच्छरदाणी सोडून ठेवा, चादर झटका. वाटेत खायला म्हणून केळीच्या पानात भात आणि चटणी बांधून मिळाली तर नाही म्हणू नका. बान नाहिनच्या फाट्यावर पुढच्या गाडीला तास-दोन तास सहज जातात, आणि सकाळी दहानंतर तिथे गरम काही मिळेलच असं नाही.